ओफीरच्या पाखराचा राखणदार

गेरा बन्यामिनी हा मुळात खेचरांचा माणूस. कुठलं खेचर लंगडणार, कुठलं फुगणार आणि कुठलं लाथ मारणार हे त्याला लांबून कळायचं. यापलीकडे आयुष्यात आणखी काही कळावं अशी त्याची इच्छाही नव्हती. तरुणपणी एकदा त्याला लबानोनच्या डोंगरात वेठबिगारीला नेलं होतं. राजाच्या बांधकामांना गंधसरूचे ओंडके लागत आणि ते तोडायला घराघरांतून माणसं उचलून नेत. तिथल्या बर्फात डाव्या पायाची दोन बोटं ठेवून तो घरी आला, आणि आल्यावर त्याने मनाशी एकच गाठ बांधली: पुन्हा लबानोन नाही. राजवाड्याच्या पागेत चाकरी असली की वेठ चुकते, म्हणून तो पागेत शिरला, आणि केस पिकेपर्यंत मान खाली घालून राहिला. त्याची बायको शेलोमीथ म्हणायची, "यांच्या मानेत मणकाच घालायला विसरलेत." गेराला ते मान्य होतं. मणका असलेली माणसं लबानोनला जातात हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग जहाजं आली, आणि सगळ्यावर पाणी पडलं.

जहाजं म्हणजे यरुशलेमच्या डोक्याला झालेला कायमचा ताप. जहाजं राजाची, चालवणारे सोर बंदराचे खलाशी, कारण आमच्यातल्या कुणाला साधी होडी वल्हवता येत नाही. दक्षिणेच्या समुद्रातून ती ओफीरकडे जात आणि तिसऱ्या वर्षी परत येत. त्यासाठी आमच्या घाण्यांचं तेल जायचं, आमच्या खळ्यांवरचा गहू जायचा, आणि यायचं काय? सोनं यायचं, ते राजवाड्यात जायचं. सुवासिक लाकूड यायचं, ते देवळात जायचं. हस्तिदंत यायचा, त्याचे पलंग व्हायचे आणि त्यावर दुसरंच कुणी झोपायचं. वानरं मात्र सगळ्या गावाच्या वाट्याला यायची. एका वानराने तर देवळातल्या एका याजकाच्या छपरावरचे वाळत घातलेले अंजीर खाऊन वर देठ त्या याजकालाच फेकून मारले. पण परदेशी माल म्हटलं की आमच्या लोकांची अक्कल गहाण पडते. गावातलं डाळिंब किडकं निघालं तर विकणाऱ्याच्या सात पिढ्या काढतील, आणि ओफीरचं माकड चावलं तर जखम मिरवत हिंडतील!

त्या वर्षी वसंतातल्या वल्हांडण सणानंतर उंटांवरून जो माल चढून आला, त्यात वेताच्या पिंजऱ्यात एक पाखरू होतं. त्याला मोर म्हणतात असं खलाशांनी सांगितलं, पण आमच्याकडे त्याला शेवटपर्यंत पाखरूच म्हटलं गेलं. अंगणात पिंजरा उघडला, पाखरू बाहेर आलं, चार पावलं चाललं आणि त्याने पिसारा उभा केला. खरं सांगायचं तर गेरासुद्धा हातातली बादली विसरला. बायका ओरडल्या, पहारेकऱ्यांनी भाले खाली ठेवले, आणि आत वर्दी गेली की राजा खूश आहे. खलाशांना कुणीतरी विचारलं, हे खातं काय? ते म्हणाले, दाणे. दुसरं काही कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. पाठ फिरवून ते पुन्हा जहाजांकडे निघून गेले.

राजवाड्याच्या कोठीचा कारभारी इग्दल्या म्हणून होता. त्याने गेराला बोलावलं.

"गेरा, हे आता तुझ्याकडे."

"धनी, मी खेचरांतला माणूस. मला पाखरांतलं काय कळतं? तो ओहद आहे की, कबुतरंवाला."

"खेचराला पाय किती?"

"चार."

"आणि याला दोन. अर्धंच काम झालं. का नको म्हणतोस? लबानोनला माणसं कमी पडतायत म्हणे."

गेराने पाखरू घेतलं.

ते पाखरू दिसायला जेवढं देखणं, तेवढंच ओरडायला भयंकर. पहाटे ते छपरावर चढून असं किंचाळायचं की गल्लीतली माणसं कुणाचा तरी खून झाला म्हणून अंथरुणातून उठून यायची. कोथिंबीर खायचं, कांद्याची पात खायचं, आणि दाणे मात्र पायाने उधळून द्यायचं. एकदा त्याने अंगणात निघालेला साप मारला, तर त्याचं कौतुक महिनाभर चाललं. गेराने आयुष्यात सहा-सात साप मारले होते, त्याला कुणी अंजीरसुद्धा दिलं नव्हतं. शेलोमीथ एकदा भाकरी घेऊन आली, पाखराकडे बघत कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, हे अंडी देतं का?"

"नर आहे."

"शेतात जुंपता येतं?"

"नाही."

"खाता येतं?"

"राजाचं आहे, शेलोमीथ."

"म्हणजे नुसतं दिसतं आणि ओरडतं. असले आपल्याकडे काय कमी होते, की गलबतं पाठवून आणवावे लागले?"

द्राक्षं पिकायला लागली आणि एका सकाळी अंगणात एक लांब पीस पडलेलं दिसलं. गेराने ते उचलून पिंजऱ्याच्या छपरावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी आणखी काही पडली. मग पाखरू चाललं की मागे पिसं, फडफडलं की पिसं. त्याने उभा केलेला पिसारा आता दात पडलेल्या फणीसारखा दिसायला लागला. गेराच्या तोंडचं पाणी पळालं. द्राक्षं उतरल्यावर येणाऱ्या मांडवांच्या सणाला मिसरच्या राजाचे वकील येणार होते आणि त्यांना हे पाखरू दाखवायचं ठरलं होतं. त्याने बार्ली बदलून पाहिली, दुधात भिजवून दिली, ऑलिव्हचं तेल पंखांना चोळलं. तेलाने पाखरू चिडलं आणि पिसं जास्तच गेली.

आता अंगावरचे केस असे झडायला लागले की आमच्याकडे रीत ठरलेली आहे. वैद्याला कुणी विचारत नाही, याजकाला दाखवतात. महारोग असेल तर तो सांगतो, नसेल तर तोच सांगतो. गेराने सरळ रीत धरली आणि म्हातारे याजक याकीम यांना बोलावून आणलं.

"केस दाखव," याकीम म्हणाले.

"केस नाहीत, बाबा. पिसं."

"पाखराचे केसच ते. पकड नीट, मला चोच मारतंय."

त्यांनी कातडी पाहिली. पांढरा डाग नाही, खळगा नाही. पण केस जातायत हे खरं. त्यांनी बराच वेळ दाढी कुरवाळली आणि निकाल दिला: सात दिवस गावकुसाबाहेर कोंडायचं, मग पुन्हा पाहू. ज्याने हात लावलाय त्यालाही कोंडायचं. आणि गळालेली पिसं संशयाची म्हणून जाळून टाकायची.

"सगळी, बाबा?"

"रोग अर्धा जाळतात का?"

तेव्हा ओफीरहून आलेली ती निळी-हिरवी पिसं, जी बघायला पहारेकरी भाले ठेवून उभे राहिले होते, ती गेराने वेशीबाहेर नेऊन काट्याकुट्यांत घालून स्वतःच्या हाताने जाळली. वास केस जळाल्यासारखाच आला. मग तो आणि पाखरू दोघेही एका मोडक्या झोपडीत राहायला गेले. रीतीप्रमाणे, वाटेने कुणी आलं की गेराने ओठांवर फडकं धरून "अशुद्ध! अशुद्ध!" असं ओरडायचं होतं. तो एकदा ओरडला की पाखरू त्याच्यावर वरताण ओरडायचं, आणि वाटसरू गाढव टाकून पळायचे. शेलोमीथ लांबच्या खडकावर भाकरी ठेवायची आणि तिथूनच हाका मारायची, "अहो, बोटं मोजा! आहेत का सगळी?"

"दोन आधीच कमी आहेत!"

"तेवढीच ना? मग बरं."

सात दिवसांनी याकीम आले. पिसारा जवळजवळ संपला होता, पण कातडी स्वच्छ होती. याजकांनी हात वर करून मोठ्याने सांगितलं, "पाखरू शुद्ध आहे. केस गेले म्हणून कुणी अशुद्ध होत नाही, टकला होतो." गेराला रडू आलं, इतका त्याला आनंद झाला. तो पाखरू काखेत मारून धावतच इग्दल्याकडे गेला. आयुष्यात तो एवढ्या उत्साहाने कुणा वरिष्ठाकडे पहिल्यांदाच गेला होता.

इग्दल्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे रोग नाही?"

"नाही, धनी. देवाची कृपा."

"मग पिसारा कुठे गेला?"

"गळाला."

"रोग नसताना?"

गेराने काखेतलं पाखरू खाली ठेवलं.

"आणि गळाला तो कुठे आहे?"

"जाळला. याजकबाबा म्हणाले—"

"रोग नसताना जाळला?"

याकीमना बोलावलं. ते म्हणाले, "संशय होता तेव्हा जाळा म्हणालो. संशय फिटल्यावर जाळायला नको होता."

"बाबा, फिटेपर्यंत जळून गेला होता हो!" गेरा ओरडला. पण तोवर कारभाऱ्याच्या डोक्यात हिशेब पक्का बसला होता. पाखरू निरोगी आहे, निरोगी पाखराचे केस जात नाहीत, म्हणजे कुणीतरी उपटले. उपटले ते विकले. आणि पुरावा मागितला तर हा राख दाखवतो. आता एवढं शहाणपण ज्याच्याकडे आहे, त्याला खेचरं सांभाळणारा माणूस काय उत्तर देणार?

सणाला मांडव उभे राहिले, फांद्यांचे हिरवे मांडव छपराछपरांवर. मिसरचे वकील आले, पाखरू पुढे आणलं. ते बोडक्या बुडाने ऐटीत चाललं, आणि होता नव्हता तो पिसारा उभारल्याचा आव आणून थरथरलं. वकिलाने अदबीने विचारलं, "हे इथलं बदक का?"

दुसऱ्याच दिवशी गेराची लबानोनला रवानगी झाली. इग्दल्या त्याला वेशीपर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "पिसारा परत आला की तूही परत ये." जवळ उभे असलेले सगळे हसले. शेलोमीथ हसली नाही. तिने त्याच्या पायताणांत लोकर भरून दिली आणि यारेबला, आपल्या मुलाला, घट्ट धरून ठेवलं, कारण यारेबच्या मानेत मणका होता आणि तो कारभाऱ्याच्या अंगावर धावायला निघाला होता.

लबानोनला काहीही बदललेलं नव्हतं. तोच बर्फ, तेच ओंडके, तोच मुकादम, फक्त म्हातारा झालेला. साधे वेठीचे लोक पाळीपाळीने महिनाभर यायचे आणि घरी जायचे. गेरासारखे शिक्षेचे तिथेच. वसंतात नव्या पाळीची माणसं वर आली आणि त्यांनी बातमी आणली की राजवाड्यातल्या पाखराचा पिसारा पुन्हा फुटला, पहिल्यापेक्षा दाट. ते आता ओहदकडे आहे आणि त्याच्या हाताला यश आलं म्हणून राजवाड्यातून त्याला नवा झगा मिळालाय.

गेरा कुऱ्हाड टाकून मुकादमाकडे गेला. "पिसारा आला. मला सोडा."

"तू आणलास का?"

"नाही, पण—"

"ओहदने आणला. मग ओहदला सोडायला हवं, आणि तो इथे नाही. जा, फांद्या तोड."

त्या उन्हाळ्यात गेरा झाडांशी भांडला. ओहदने काय घातलं असेल? मसूर? तो कबुतरांना मसूर घालतो. एवढं सोपं होतं आणि आपल्याला सुचलं नाही! मुक्या जनावरांत जन्म घालवला आणि साधा मसूर सुचू नये! तो स्वतःला इतक्या शिव्या द्यायचा की शेजारचा लाकूडतोड्या जागा बदलून गेला.

मांडवांचा सण होऊन गेल्यावर शिक्षेची एक तुकडी डोंगर चढून आली. तिच्या शेवटी, अंगावर तोच नवा झगा, आता चिखलाने भरलेला, असा ओहद होता. गेरा त्याच्यासमोर उभा राहिला. वर्षभर जी शिवी तयार करून ठेवली होती, ती तोंडातून निघेना.

"पिसारा गळाला?" त्याने विचारलं.

ओहदने मान हलवली.

"द्राक्षं पिकताना?"

"द्राक्षं पिकताना. सगळा. गेरादादा, मी हात लावला नाही रे. आईची शपथ."

"मसूर घालत होतास?"

"बार्लीच घालत होतो. तुझीच बार्ली."

गेरा ओंडक्यावर बसला. एक वर्ष गळाला, वसंतात आला, दुसऱ्या वर्षी गळाला. कुणाचा रोग नाही, कुणाची चोरी नाही, कुणाचं यशही नाही. त्या मेल्या पाखराचा तो स्वभावच होता! त्याला हसू आलं, मग संताप आला, मग तो ओहदच्या खांद्यावर हात टाकून दोन्ही एकदम करत बसला. तेवढ्यात त्याला सुचलं म्हणून त्याने विचारलं, "आता कुणाकडे दिलंय ते?"

ओहदने दुसरीकडे पाहिलं. "यारेबकडे."

"कुठला यारेब?"

"तुझाच. कुणी घेईना. त्याने मागून घेतलं. म्हणाला, बापाच्या नावावरचा डाग मी पुसतो."

गेराने त्या दिवशी कुऱ्हाड उचलली नाही, मुकादमाने फटके दिले तरी नाही. पुढच्या उन्हाळ्याला आपला पोरगा हाच डोंगर चढणार हे त्याला दिसत होतं, पायाच्या दहाही बोटांनिशी. काही करून निरोप जायला हवा होता. पाळी संपवून घरी निघालेला आपल्याच बन्यामिनी वंशाचा एक माणूस त्याने गाठला, त्याचा अंगरखा धरून ठेवला आणि निरोप त्याच्याकडून तोंडपाठ म्हणून घेतला.

"यारेबला सांग, पिसारा पुरता भरला की वेशीत जा. कारभारी असेल, याजक असतील, गावातले वडीलधारे बसलेले असतील, तेव्हा सगळ्यांदेखत बोल. म्हणावं, द्राक्षं पिकली की हा गळेल आणि पुढच्या वल्हांडणाला पुन्हा येईल. गळाल्यावर बोललास तर चोर ठरशील. आधी बोललास तर देवाचा संदेष्टा ठरशील. आपल्या लोकांना कारण कधी पटत नाही, भाकीत पटतं."

निरोप गेला, आणि गेराची झोपही गेली. आमच्याकडे खोटं भाकीत करणाऱ्याला दगडं मारतात. पाखराने दोनदा पिसारा टाकला म्हणून तिसऱ्यांदा टाकेलच, हे कुणी लिहून दिलंय? ज्या प्राण्याने आजवर एकही गोष्ट सोयीने केली नाही, त्याच्या भरवशावर आपण पोराला वेशीत उभं केलं! तिसऱ्या उन्हाळ्यात लबानोनच्या डोंगरात एक म्हातारा माणूस रोज दक्षिणेकडे तोंड करून म्हणायचा, "गळ रे बाबा. एवढं एक कर. गळ."

सणानंतर तुकडी वर आली. गेरा वाटेवर उभा राहून एकेक चेहरा बघत गेला. यारेब नव्हता. शेवटी राजवाड्याचा एक शिपाई होता. त्याने गेराचं नाव पुकारलं आणि म्हणाला, "चला, आजोबा. संदेष्ट्याच्या बापाने लाकडं तोडणं बरं दिसत नाही, असं कारभारी म्हणतात."

असा गेरा घरी आला. त्याने चोरी केली नव्हती असं कुणीही, एकदाही, म्हटलं नाही. यारेबने शब्द टाकला म्हणून मागून ओहदही सुटला. तो आला तो थेट आपल्या कबुतरांकडे गेला आणि पाखराच्या अंगणाकडे पुन्हा फिरकला नाही. यारेब आता तागाचा झगा घालून वेशीत बसायचा, आणि लोक त्याला विचारायचे, बकरी कुठे गेली, पाऊस कधी येईल, मुलगी कुणाला द्यावी.

"आबा, मी देवाचं नाव घेतलं नव्हतं," यारेब घरी हळूच म्हणाला. "मी त्यांना म्हणालोसुद्धा, की मी संदेष्टा नाही."

"मग?"

"म्हणाले, बघा किती नम्र आहे."

शेलोमीथने कपाळाला हात लावला. पण तिलाही पाणवठ्यावर आता पहिली जागा मिळत होती, आणि मागून येणाऱ्या बायका अजून कुजबुजत होत्या की पहिल्या वर्षीची पिसं हिने कुठल्या रांजणात लपवली असतील. गेराला बाजारात लोक डोळे मिचकावून विचारायचे, "सोरच्या व्यापाऱ्याला दिलीस ना? आता सांगायला काय हरकत आहे?" तो मूग गिळून पुढे जायचा. त्याला कुणाकडून काही नको होतं. फक्त माहीत असलेल्या एखाद्या माणसाने एकदा मोठ्याने म्हणावं, की गेराने केलं नाही.

वल्हांडणानंतर जहाजांचा माल आला. या खेपेला वेताचे पिंजरे रांगेने वेशीतून आत यायला लागले, आणि प्रत्येकात पाखरू. इग्दल्या स्वतः पुढे होता. याकीम होते. बाजारातले सगळे डोळे मिचकावणारे होते. पलीकडे ओट्यावर यारेब बसला होता आणि एक बाई त्याच्या पायाशी बसून आपल्या आजारी पोराबद्दल विचारत होती. गेराला पिंजरे उतरवायला बोलावलं होतं, कारण पाखरांतलं त्याला कळतं असं आता ठरलं होतं. शेवटच्या पिंजऱ्याबरोबर एक काळा, दणकट खलाशी होता. पहिलं पाखरू आणणाऱ्यांतलाच तो होता.

गेराने त्याला बाजूला ओढलं.

"एक सांग. याचा पिसारा उन्हाळ्यात गळतो का?"

खलाशी खो खो हसायला लागला. "गळतो का? अरे, दर वर्षी गळतो! तिकडे पोराटोरांना ठाऊक आहे. त्यात काय सांगायचं? तुमच्याकडे अंजिराची पानं गळतात, ते तुम्ही आम्हाला सांगितलंत का?" त्याचा आवाज वाऱ्यात ओरडून मोठा झालेला होता. "ओ कारभारी!" तो वळला. "ऐकलंत का, हा म्हातारा काय विचारतोय?"

इग्दल्याने मान वळवली. याकीमनी कान पुढे केला. बाजारातली माणसं जवळ सरकली. ओट्यावरून यारेबने बापाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याच्या पायाशी बसलेल्या बाईने त्याच्या झग्याचं टोक अजून घट्ट धरलेलं होतं.

गेराने दोन्ही हातांनी खलाशाचं तोंड दाबलं.

"हळू बोल," तो म्हणाला. "माझ्या बापा, हळू बोल." मग तो इग्दल्याकडे वळून, मान खाली घालून म्हणाला, "काही नाही, धनी. विचारत होतो, यांची पिसं सोरला काय भावाने जातात."